किरूना: खाणीनं वसवलेलं आणि खाणीनंच हलवलेलं गाव

मंडळी, आज ज्या गावाबद्दल बोलायचंय ते स्वीडनच्या पार वरच्या टोकाला आहे, किरूना त्याचं नाव, आर्क्टिक वृत्त ओलांडून अजून साधारण 145 किलोमीटर उत्तरेला. डिसेंबरात तिथं बरेच दिवस सूर्य उगवतच नाही आणि मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळत नाही. तुमच्यापैकी काहींनी ऑगस्ट 2025 मधला तो व्हिडिओ बघितला असेल, एक अख्खं लाल लाकडी चर्च उचलून चाकांवर ठेवलंय आणि ते रस्त्यानं मुंगीच्या पावलानं चाललंय. 672 टन वजन, 5 किलोमीटर अंतर, दोन दिवस लागले. बघणारे सगळे टेक्नॉलॉजीचं कौतुक करत होते आणि ते करायलाच हवं. पण चर्च हलवावं का लागलं, ते ठरवलं कुणी, आणि गावातल्या माणसांचं त्यात कितपत चाललं, हे व्हिडिओत येत नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं ऐकताना ते डोक्यात राहील. या गावाला खाण कंपनीनं सव्वाशे वर्षं खूप काही दिलं, आणि चांगल्या प्रतीचं दिलं. घरं दिली, शाळा, दवाखाना, ट्राम, चर्च, सगळं. फक्त ठरवायचा हक्क दिला नाही. तो ज्यांनी थोडाफार मिळवला त्यांनी भांडून मिळवला, आणि ज्यांची ती जमीन मुळात होती त्यांना तो अजूनही मिळालेला नाही.

तर पहिल्यांदा त्यांच्याबद्दल. हा सगळा सामी लोकांचा मुलुख. रेनडियर पाळणारी माणसं, हिवाळ्यात कळप पूर्वेकडच्या जंगलात, उन्हाळा आला की पश्चिमेच्या उंच डोंगरात, दरवर्षी ठरलेल्या वाटेनं जा-ये. किरूनाच्या आजूबाजूला त्यांच्या दोन संघटना आहेत, गाब्ना आणि लाएवास. त्यांना सामी गाव असंच म्हणतात पण आपल्या डोळ्यासमोर येतं तसं घरांचं गाव नाही ते, एकत्र चराई करणाऱ्या कुटुंबांचा समूह आणि त्यांची ठरलेली हद्द. जिथं आज किरूना आहे ती जागा म्हणजे एक तळं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन डोंगर, कीरुनावारा आणि लुओसावारा. या दोन डोंगरांत लोखंड आहे हे काही गुपित नव्हतं. 1696 मध्ये केंगिस नावाच्या लोखंडाच्या कारखान्यातल्या सॅम्युएल मोर्त या हिशेबनीसानं तशी नोंद करून ठेवलीय.

मग दोनशे वर्षं कुणी हात का लावला नाही? एक तर तिथं पोचणार कसं, रस्ता नाही, माल काढला तरी रेनडियरच्या घसरगाडीवर किती लादणार. आणि दुसरं कारण जास्त मोठं होतं, ते म्हणजे फॉस्फरस. इथल्या मॅग्नेटाईटमध्ये, म्हणजे इथल्या लोहखनिजात, लोखंडाचं प्रमाण 60 टक्क्यांच्या वर, म्हणजे जगातल्या उत्तम खनिजात गणना व्हावी इतकं, पण सोबत अ‍ॅपेटाईट नावाचं खनिज मिसळलेलं आणि त्यात फॉस्फरस. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ होतं, थंडीत तर तडकतंच. त्यामुळं डोंगरच्या डोंगर लोखंडाचे असूनही व्यापाऱ्याच्या लेखी ते दगडच होते. हा प्रश्न सोडवला कुणी तर लंडनच्या कोर्टात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाच्या तरुणानं, आपल्या केमिस्ट चुलत भावाला हाताशी धरून, 1878 च्या सुमाराला. भट्टीला आतून डोलोमाईटचं अस्तर लावायचं आणि चुना घालायचा, मग फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या मळीत, निघून जातो, आणि तो स्लॅग पुढं खत म्हणूनही विकला जातो. कुठं लंडनचं कोर्ट आणि कुठं लॅपलंडचे डोंगर, पण त्या एका शोधानं सामींच्या चराईच्या जमिनीची किंमत रातोरात बदलली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग रेल्वे. आधी एका इंग्रज कंपनीनं प्रयत्न केला, बाल्टिकच्या बाजूच्या लूलेओ बंदरापासून येल्लिवारेजवळच्या माल्मबेर्येत खाणीपर्यंत, 1888 मध्ये तिथून पहिली खनिजाची गाडी गेली, पण कंपनी बुडाली आणि 1891 मध्ये स्वीडिश सरकारनं ती लाईन विकत घेतली. दरम्यान 1890 मध्ये एलकेएबी ही कंपनी स्थापन झाली, जिचं नाव आज आपण सारखं घेणार आहोत, लुओसावारा आणि कीरुनावारा या दोन डोंगरांचीच आद्याक्षरं त्यात आहेत. लूलेओची अडचण अशी की हिवाळ्यात समुद्र गोठतो, बंदर बंद. उलट डोंगर ओलांडून नॉर्वेत उतरलं की नार्विक, तिथं अटलांटिकचा कोमट प्रवाह येतो त्यामुळं बारा महिने पाणी मोकळं. म्हणून 1898 मध्ये संसदेनं नार्विकपर्यंतच्या लाईनला मंजुरी दिली, 1899 मध्ये रूळ किरूनाला पोचले, 1902 च्या शेवटी पार नार्विकपर्यंत, आणि जुलै 1903 मध्ये राजा दुसरा ऑस्कर यानं उद्घाटन केलं. तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. दोनच वर्षांनी, 1905 ला, दोन्ही देश वेगळे झाले आणि किरूनाचं बंदर परदेशात गेलं! ही लाईन बांधणारे मजूर, रालार म्हणायचे त्यांना, हाल काढून काम करायचे, बर्फात बोगदे, सुरुंग, आजारपण. त्यांच्यासाठी रांधणाऱ्या बायकाही होत्या, त्यातल्या एकीच्या कथा अजून त्या भागात सांगतात आणि तोर्नेहाम्नच्या छोट्या दफनभूमीत तिची म्हणून एक कबर दाखवतात.

आता येतो यालमार लुंडबोम. हा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो कारण किरूनाचं चांगलं आणि त्यातली गोम दोन्ही त्याच्यातच सापडतं. मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातर्फे या भागात आला आणि पुढं कंपनीचा इथला प्रमुखच झाला. त्यानं माल्मबेर्येत बघितलं होतं. तिथं खाण आधी सुरू झाली आणि गाव नंतर कसंबसं उगवलं, डायनामाईटच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेल्या झोपड्या, रोगराई, दारू, मारामाऱ्या. लुंडबोमनं ठरवलं की किरूनात असं होऊ द्यायचं नाही, आधी नगररचना आणि मग वस्ती. आणि त्यानं त्या काळातले चांगल्यातले चांगले लोक आणले. पेर उलूफ हालमाननं गावाचा आराखडा केला, गुस्ताफ विकमननं इमारती. आराखडा 1900 मध्ये मंजूर झाला आणि तेच गावाचं स्थापना वर्ष मानतात.

हा आराखडा जरा नीट बघण्यासारखा आहे. गाव सपाटीवर बसवलं नाही, डोंगराच्या उतारावर बसवलं. का? तर हिवाळ्यात सगळ्यात गार हवा जड होऊन खाली तळ्याकडं वाहून जाते, उतारावर त्यामानानं ऊब राहते. रस्ते उताराच्या वळणानं वाकडे नेले, सरळसोट नाहीत, म्हणजे वाऱ्याला धावायला सरळ वाट मिळत नाही. कामगारांसाठी लाकडी घरं बांधली, दोन-चार कुटुंबांना मिळून एक घर, त्यातल्या एका प्रकाराला लोक आकारावरून दौत म्हणायचे आणि आजही म्हणतात. शाळा, हॉस्पिटल, अग्निशमन, आणि 1907 पासून कामगारांना खाणीकडं नेणारी ट्राम, जगातली सर्वात उत्तरेकडची ट्राम होती ती, 1958 पर्यंत चालली. त्या काळात युरोपातल्या कुठल्या खाणगावात असं होतं मला सांगा. फक्त एक लक्षात ठेवायचं, हे सगळं कंपनीच्या हद्दीत. बाहेरच्या बाजूला, जिथं कंपनीची जमीन नव्हती, तिथं सुरुवातीला झोपड्याच होत्या. आणि कंपनीच्या घरात राहायचं म्हणजे नोकरीही त्यांची, छप्परही त्यांचं, दोन्ही एकाच हातात.

आणि मग ते चर्च. 1909 ते 1912 मध्ये बांधलं, विकमननंच, आणि कंपनीनं ते गावाला भेट दिलं. लाकडाचं, प्रचंड उतरतं छप्पर, सामींच्या पारंपरिक झोपडीवरून त्याचा आकार सुचलेला. आत गेलात तर वेदीवरचं चित्र राजघराण्यातल्या चित्रकार प्रिन्स ऑयगेनचं आहे, आणि त्यात तुम्हाला नेहमीचे धार्मिक प्रसंग दिसणार नाहीत, एक उन्हातली झाडांची राई आहे फक्त. हिवाळा अंधारात काढणाऱ्या गावाला प्रार्थनेच्या वेळी समोर ऊन दिसावं, हे मला फार भावतं. छपराच्या कडेला क्रिस्तियान एरिक्सननं केलेले सोनेरी पुतळे आहेत, संतांचे वगैरे नाहीत, माणसाच्या मनाच्या वेगवेगळ्या अवस्थांचे.

पण याच काळात सामींचं काय चाललं होतं तेही बघा. 1913 मध्ये भटक्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा झाला, कमी दिवसांचं शिक्षण, तेही झोपड्यांमध्ये, कारण सरकारी विचार असा की या मुलांना पक्क्या घराची आणि पुस्तकांची सवय लागली तर ती रेनडियर सोडतील. 1922 मध्ये उप्साला इथं सरकारी वंशजीवशास्त्र संस्था निघाली आणि तिचा प्रमुख हेरमान लुंडबोर्ग उत्तरेत फिरून सामी माणसांची डोकी मोजत, त्यांचे फोटो काढत हिंडला. झोपडीचा आकार चर्चला घेतला, आणि झोपडीतल्या माणसाला नमुना समजून मोजलं. हे दोन्ही एकाच पिढीत, एकाच प्रदेशात झालं, आणि किरूनाची गोष्ट सांगताना यातलं अर्धंच सांगणं मला बरोबर वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग थोडक्यात सांगतो, त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. 1907 पासून कंपनीत निम्मी मालकी सरकारची झाली होती, म्हणजे खनिज कुणाला विकायचं हा राजकारणाचा प्रश्न होता. जर्मनीच्या पोलादाला स्वीडनचं खनिज लागायचं. 9 एप्रिल 1940 ला जर्मनांनी नार्विक घेतलं त्यामागं हेच खनिज मोठं कारण होतं, पुढचे दोन महिने तिथं समुद्रात आणि डोंगरात लढाई चालली. स्वीडन तटस्थ राहिला, पण जर्मनीला खनिज जात राहिलं, थेट 1944 पर्यंत. किरूनाच्या कामगारानं काढलेला दगड कुठं जाऊन काय होतोय हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. 1948 मध्ये किरूनाला शहराचा दर्जा मिळाला, आणि हद्द इतकी अफाट की जगातलं सर्वात मोठं शहर म्हणून ते मिरवायचं. 1957 मध्ये कंपनी जवळजवळ पूर्ण सरकारची झाली. आता कामगारांच्या मनात काय आलं असेल? मालक आपलं सरकार, सरकार सोशल डेमोक्रॅट म्हणजे कामगारांच्या पक्षाचं, आता तरी बरे दिवस येतील.

आले नाहीत. तोपर्यंत खाण उघड्या खड्ड्यातून जमिनीखाली गेली होती, डिझेलच्या गाड्यांचा धूर, आवाज, आणि कामाचा मोबदला उक्त्या दरानं, म्हणजे किती माल काढला त्यावर. स्टॉपवॉच लावून प्रत्येक हालचाल मोजायची आणि त्यावरून दर ठरवायचा. 9 डिसेंबर 1969, स्वाप्पावारा, किरूनापासून जवळच असलेली त्याच कंपनीची खाण, तिथं काही मोजक्या कामगारांनी काम थांबवलं. दोन-तीन दिवसांत किरूना आणि माल्मबेर्येत दोन्ही बंद, जवळपास 5 हजार माणसं बाहेर. कायद्यानं हा संप बेकायदा होता कारण वेतन करार लागू होता, आणि त्यांची स्वतःची युनियन, स्टॉकहोममधले पुढारी, त्यांच्या बाजूनं नव्हते. मग यांनी काय केलं, किरूनाच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, तिथंच बोलायचं, तिथंच आपली समिती निवडायची. लक्षात घ्या, डिसेंबर-जानेवारी, बाहेर दिवसभर अंधार, उणे वीस-तीस तापमान, आणि आत हजारो माणसं एकेक मुद्द्यावर हात वर करून मत देतायत. त्यांची घोषणा होती, आम्ही मशीन नाही. मागण्यांत उक्ता दर बंद करून महिन्याचा पगार, पगारवाढ, आणि वरच्यांनी माणसासारखं वागवावं. देशभरातून पैसे जमा होऊन आले, कलावंतांनी, विद्यार्थ्यांनी, दुसऱ्या कारखान्यांतल्या कामगारांनी पाठवले. ओलोफ पाल्मे दोनच महिन्यांपूर्वी पंतप्रधान झाले होते आणि त्यांच्याच सरकारी कंपनीत हे चाललेलं, त्यांची किती पंचाईत झाली असेल.

57 दिवस संप चालला. फेब्रुवारी 1970 मध्ये कामावर परतले, सगळं मिळालं नाही, पण महिन्याच्या पगाराची वाट उघडली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या संपानं आख्ख्या देशात प्रश्न उभा केला की कामाच्या ठिकाणी कामगाराला बोलायचा हक्क आहे की नाही. 1976 मध्ये स्वीडननं सहनिर्णयाचा कायदा केला, मालकानं मोठे बदल करण्याआधी युनियनशी चर्चा केलीच पाहिजे असं सांगणारा, त्यामागं जी कारणं मोजतात त्यात हा संप असतो. म्हणून मी म्हणतो, किरूनाच्या इतिहासात लुंडबोमचं नाव जेवढं मोठं तेवढंच त्या स्पोर्ट्स हॉलमधल्या माणसांचंही असायला हवं.

आता खाणीत नेमकं काय होतं ते जरा समजून घेऊ, कारण गाव का हलवावं लागलं ते त्याशिवाय कळणार नाही. लोखंडाचा जो पट्टा आहे तो भिंतीला तिरकी टेकवलेली फळी असावी तसा आहे, साधारण 4 किलोमीटर लांब, 80 मीटर जाड, आणि खोल किती तर 2 किलोमीटरपर्यंत, कदाचित त्याहून जास्त. वरचं टोक डोंगरावर होतं, ते कधीच काढून झालं. खालचा भाग जवळपास 60 अंशांनी कललेला, आणि कलता कुठं, तर पूर्वेला, म्हणजे गावाच्या खाली. खाणकामाची पद्धत अशी, पट्ट्यामध्ये आडवे बोगदे खणायचे, एकाखाली एक, मग बोगद्याच्या छतात पंख्यासारखी उघडत जाणारी लांब भोकं पाडायची, त्यात स्फोटकं भरायची, आणि रात्री दीडच्या सुमाराला, सगळी माणसं बाहेर काढून, उडवायची. रोज रात्री. गावात झोपलेल्या माणसाला अंथरुणात तो हादरा जाणवतो, लहानपणापासून सवय झालेली, हादरा आला नाही तरच चुकल्यासारखं वाटतं म्हणतात. पडलेला माल लोडर उचलतात, उभ्या भुयारातून खाली सोडतात, खाली ड्रायव्हर नसलेल्या गाड्या तो क्रशरकडं नेतात आणि मग स्किपमधून, म्हणजे माल वर ओढणाऱ्या मोठ्या बादलीतून, वर. सध्याची मुख्य पातळी 1365 मीटरवर आहे, 2013 मध्ये सुरू झालेली. वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास माल या एका खाणीतून निघतो, आणि युरोपियन युनियनमधलं जवळपास 80 टक्के लोहखनिज याच एका कंपनीकडून येतं.

माल काढून घेतला की जी पोकळी राहते ती भरत नाहीत. वरचा कातळ आपोआप त्यात ढासळू देतात, पद्धतच तशी आहे, स्वस्त आणि सुरक्षित दोन्ही. पण कातळ ढासळला की त्याचा परिणाम वर पृष्ठभागापर्यंत येतो, जमीन खचते, भेगा पडतात, आणि पट्टा तिरका असल्यामुळं जितकं खोल जाल तितकी ती भेगांची रेघ पूर्वेला गावाकडं सरकत येते. कंपनी जमिनीची हालचाल सतत मोजत असते, मिलिमीटर-सेंटीमीटरमध्ये. 18 मे 2020 ला पहाटे तीनच्या सुमाराला खाणीमुळं भूकंपही झाला, 4.9 तीव्रतेचा, खाणकामामुळं झालेला स्वीडनमधला सर्वात मोठा. जीवितहानी झाली नाही, पण खाणीचा बराच भाग नादुरुस्त झाला.

2004 मध्ये कंपनीनं नगरपालिकेला कळवलं की भेगा गावाच्या मध्यापर्यंत येणार, गाव हलवायची तयारी करा. बघा, शब्द कितीही सौम्य असले तरी त्यात गाव हलवावं का हा प्रश्न नव्हता, कुठं आणि कधी एवढाच होता. आधी वायव्येची जागा बघितली, मग पूर्वेला 3 किलोमीटरवरची ठरली. 2012 मध्ये रेल्वे वळवली, पुढं जुनं स्टेशनही बंद झालं. 2013 मध्ये नव्या केंद्राच्या आराखड्याची स्पर्धा झाली. 2018 मध्ये नवं टाऊन हॉल उघडलं, गोल इमारत, क्रिस्टल नावाची, आणि 2019 मध्ये जुनं पाडलं. त्या जुन्या टाऊन हॉलला 1964 मध्ये देशातला आर्किटेक्चरचा मोठा पुरस्कार मिळाला होता, वर ब्रोर मार्कलुंडचा लोखंडी घड्याळाचा मनोरा. मनोरा वाचवून नव्या चौकात नेला, इमारत गेली. सप्टेंबर 2022 मध्ये नव्या शहर केंद्राचं रीतसर उद्घाटन झालं. लुंडबोमचं घर हलवलं, काही दौती हलवल्या, आणि शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये चर्च, त्याच्यासाठी आधी रस्ता रुंद करून घेतला, राजा स्वतः आला, टीव्हीवर तासन्‌तास थेट प्रक्षेपण, एकट्या चर्चच्या कामाला 50 कोटी क्रोनरच्या घरात खर्च.

मघाशी एका ताईंनी विचारलं की लोकांनी विरोध कसा नाही केला. योग्य प्रश्न आहे. केला, पण थोडा, कारण घरातलं कुणी ना कुणी खाणीत कामाला, दुकानाचं गिऱ्हाईक खाणीतलं, नगरपालिकेचा कर खाणीतल्या पगारातून. खाण थांबवा म्हणणं म्हणजे गावच बंद करा म्हणणं, हे प्रत्येकाला कळतं. ऐंशीच्या दशकाच्या आसपास पोलादाची मंदी आली तेव्हा माणसं नोकऱ्या जाऊन दक्षिणेला निघून गेली होती, ती आठवण घराघरात आहे. आणि पुनर्वसनाचं म्हणाल तर आपल्याकडच्या धरणग्रस्तांना जे पिढ्यान्‌पिढ्या मिळालं नाही ते तिथं मिळालं हे मान्य करायला हवं, घरमालकाला बाजारभाव आणि वर 25 टक्के, नाहीतर नवं घर. पण भाडेकरूंचा प्रश्न वेगळा. जुन्या घराचं भाडं कमी, नव्या फ्लॅटचं जास्त, काही वर्षं टप्प्याटप्प्यानं वाढवतात, पण वाढतं ते वाढतंच. म्हातारी माणसं, एकटी राहणारी बाई, तिनं काय करायचं?

आणि जे पाडलं त्याचं मोजमाप पैशात होत नाही. खाण आणि गाव यांच्यामध्ये एक पट्टा ठेवलाय, त्याला खाणशहर पार्क म्हणतात. तिथली घरं रिकामी करतात, पाडतात, मग झाडं, गवत, पायवाटा करतात. काही वर्षं लोकांना तिथं फिरता येतं, म्हणजे जिथं तुमचं स्वयंपाकघर होतं तिथून तुम्ही कुत्रा घेऊन जाता. मग भेगांची रेघ जवळ आली की तोही भाग कुंपण घालून बंद, आणि पार्क अजून पुढं सरकतं.

नव्या केंद्राबद्दल तिथले लोक दोन्ही बोलतात. इमारती चांगल्या, लायब्ररी चांगली, दुकानं एकत्र. पण ते उभं आहे सखल जागेवर, थंड हवा साचते अशा ठिकाणी, रस्ते सरळ आणि इमारती उंच, त्यामुळं वारा मधून सुसाट येतो. हालमाननं 1900 मध्ये थंडी आणि वारा यांचा विचार करून जे केलं होतं त्याच्या बरोबर उलटं. मला याची खरंच खंत वाटते, कारण पैशाची कमतरता नव्हती, ज्ञान तर गावातच होतं, शंभर वर्षं पायाखाली होतं.

आता पुन्हा गाब्ना, ते सामी गाव. नवं शहर, नवी रेल्वे, रस्ते, खाण, या सगळ्यांमुळं रेनडियरच्या जा-ये करायच्या वाटा आधीच अरुंद झाल्यात. हवामान बदलतंय, हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, बर्फावर कडक थर बसतो आणि खालचं दगडफुलासारखं लायकेन जनावरांना उकरता येत नाही, मग विकतचा चारा घालावा लागतो. अशात जानेवारी 2023 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की किरूनाच्या उत्तरेला पेर येइयर नावाच्या साठ्यात 10 लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साईड, म्हणजे दुर्मिळ मृदा धातूंची संयुगं, आहेत, तेव्हाचा युरोपातला सर्वात मोठा ज्ञात साठा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत, पवनचक्क्यांत ती लागतात, चीनवरचं अवलंबित्व कमी होईल म्हणून युरोपभर आनंद झाला, आणि मार्च 2025 मध्ये युरोपियन युनियननं त्याला धोरणात्मक प्रकल्पांच्या यादीत घातलं. त्या साठ्याकडं सध्याच्या खाणीतून 700 मीटर खोलीवरून बोगदा खणायला सुरुवातही झालीय. हीच कंपनी हायड्रोजन वापरून कोळशाशिवाय लोखंड करायच्या हायब्रिट प्रकल्पातही आहे, लूलेओत त्याचा प्रायोगिक कारखाना आहे, आणि तो प्रयोग मनापासून महत्त्वाचा आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण गाब्नाचं म्हणणं असं आहे की पेर येइयरची खाण झाली तर डोंगर आणि हिवाळी जंगल यांना जोडणारी त्यांची उरलेली वाटच तुटेल, आणि वाट तुटली की तिथली रेनडियर पाळायची रीत संपली. पृथ्वी वाचवायला म्हणून काढलेल्या धातूची किंमत त्यांनी एकट्यानं का मोजायची?

ऑगस्ट 2025 मध्येच, चर्च नव्या जागी बसून आठ-दहा दिवस झाले नसतील, कंपनीनं अजून एक घोषणा केली. खाण आणखी खोल जाणार असल्यामुळं आधी ठरल्यापेक्षा जास्त भाग हलवावा लागेल, अजून साधारण 6 हजार माणसं आणि 2700 घरं. शहरात राहतात सगळे मिळून 18 हजारांच्या आसपास, म्हणजे तिसरा हिस्सा. यात अशीही माणसं असणार ज्यांनी आतापर्यंत शेजाऱ्यांना जाताना बघितलं आणि आपण वाचलो असं समजून घर रंगवून घेतलं. आता त्यांची घरं बांधायला जागा कुठं, नगरपालिका म्हणते आमच्याकडं मोकळी जमीन नाही, कारण हद्दीतली बहुतेक जमीन सरकारच्या ताब्यात आहे किंवा कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय कारणासाठी राखून ठेवलेली आहे, त्यात खनिजही आलं आणि रेनडियरची चराईही. म्हणजे घरांसाठी जागा काढायची तर पुन्हा गाब्ना नाहीतर लाएवासच्या हद्दीतूनच काढली जाण्याची शक्यता जास्त. कंपनी सरकारची, जमीन सरकारची, आणि 1976 चा तो सहनिर्णयाचा कायदा लागू आहे तो फक्त कामगारांना. गावकऱ्यांना आणि रेनडियर पाळणाऱ्यांना तेवढंच बळ देणारा कायदा आधी व्हायला हवा आणि नवे नकाशे त्यानंतर काढायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.